पूरक आरोग्यविमा (निवृत्तांचा)

मूळ वैद्यकीय संरक्षणाची मर्यादा जेथे संपते, तेथून पुढील खर्चाचा भार उचलणारा विमा. मध्य रेल्वेचे विभागीय रुग्णालय असलेल्या कल्याणात हे मूळ संरक्षण अनेक घरांत 1997 च्या निवृत्त रेल्वे कर्मचारी उदारीकृत आरोग्य योजनेचे असते. एकरकमी अंशदान भरल्यावर तिचे सभासदत्व मिळते व ‘उमीद’ कार्डावर नोंद होते. रेल्वे दवाखान्यापासून अडीच किलोमीटरांपलीकडे राहणारा निवृत्तिवेतनधारक बाह्यरुग्णसेवेचा हक्क सोडून, 2017 मध्ये दरमहा 1,000 रुपये झालेला वैद्यकीय भत्ता घेऊ शकतो. नित्य औषधे घेणाऱ्यास हा सौदा बहुधा आतबट्ट्याचाच.

खासगी नोकरीतून निवृत्त होणाऱ्याचा सामूहिक विमा मात्र सामान्यतः नोकरीबरोबरच संपत असल्याने त्याला आधी मूळ विमा व मग पूरक विमा पाहावा लागतो. पाच लाखांच्या वजावटीचा, म्हणजे तेवढ्या खर्चापुढेच लागू होणारा, साधा पूरक विमा (टॉप-अप) प्रत्येक आजारपणाचे बिल स्वतंत्र मोजतो, म्हणून एकाच वर्षात तीन-तीन लाखांची दोन दुखणी आली तर तो छदामही देत नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरून वरचा लाख देतो. सत्तरी ओलांडलेल्यांस ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर, उत्पन्नाची अट नसता, पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळते. पूर्वविकारांची प्रतीक्षा एप्रिल 2024 पासून कमाल तीन वर्षांची आहे. तथापि अर्जात मधुमेह वा रक्तदाब दडवू नये, कारण दावा नामंजूर होण्यास तेवढे निमित्त पुरते.