इब्न बतूता नंदुरबारात काय जेवला?

आजचा एपिसोड तुर्कस्तानातल्या कोन्या शहरात सुरू होतो आणि आमच्या नंदुरबारला येऊन पोचतो. दोन्हीकडे जाऊन आलेला एक माणूस आहे, इब्न बतूता.

हा गडी १३०४ साली मोरोक्कोतल्या टँजिअरला जन्मला. १३३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत तो आजच्या तुर्कस्तानात फिरला. तिथे गावोगावी 'अखी' नावाच्या तरुणांच्या मंडळ्या होत्या. पोरं दिवसभर कामधंदा करायची, संध्याकाळी कमाई एकत्र आणायची आणि त्यातून वाटसरूंना जेवू घालायची. कोन्याला त्यानं असाच पाहुणचार घेतला. सूफी कवी रूमीचं निधन १२७३ मध्ये याच शहरात झालं. आज जगभरातून लोक त्याची समाधी बघायला तिथे जातात.

पुढे हाच माणूस मुहम्मद तुघलकाचा दूत म्हणून १३४२ मध्ये दिल्लीहून चीनकडे निघाला. दौलताबादहून खंबायतच्या बंदराकडे जाताना वाटेत लागलं नंदुरबार. त्यानं काय नोंदवलं? गाव लहान, वस्ती मऱ्हाट्यांची. हे लोक कसबी कारागीर, वैद्य आणि ज्योतिषी. जेवायला भात, भाज्या आणि तिळाचं तेल. जनावराला त्रास देणं यांना आवडत नाही. दारू म्हणजे मोठं पाप. नात्यात सात पिढ्यांचं अंतर असल्याशिवाय लग्न नाही.

आता गंमत बघा. आज नंदुरबार म्हटलं की लाल मिरची. सीझनला शहराबाहेरच्या पथारींवर नजर जाईल तिथपर्यंत मिरची वाळत पडलेली असते. पण इब्न बतूताच्या ताटात मिरची असणं शक्यच नव्हतं! ती मूळची अमेरिकेतली, पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आली, तीही दीडशेहून जास्त वर्षांनी. म्हणजे ज्याला आपण 'आमची ओळख' म्हणतो, तीही बाहेरून प्रवास करून आलेली.

दुसरा प्रवासी पीटर मंडी, ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर. १६३० च्या अखेरीस तो सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला निघाला होता. तापीच्या खोऱ्यातला हा जुना रस्ता, नंदुरबार त्याच रस्त्यावर. त्या वर्षी पाऊस पडला नव्हता आणि दख्खनेत शाहजहानच्या फौजांची लढाई चालू होती. मंडीला इथे तंबू ठोकायला मोकळी जागा मिळेना, इतकी प्रेतं आजूबाजूला पडलेली.

गाव तेच. एकाला कारागीर दिसले, दुसऱ्याला प्रेतं. दोघंही खोटं बोलत नव्हते. पण समजा मंडीची एकटी नोंद उरली असती, तर? मी पुण्यात कोडिंग करतो. ऑफिसात गाव सांगितलं की हमखास एकच प्रश्न येतो, 'तिकडे कुपोषण आहे ना?' कुपोषण आहे, ते लपवायचं कारण नाही. पण एका नोंदीवरून अख्ख्या जिल्ह्याची ओळख ठरवायची का?

म्हणून म्हणतो, या आणि स्वतः बघा. तापी-गोमाईच्या संगमावरचं प्रकाशा म्हणजे लोकांची दक्षिण काशी. तिथल्या पांढरीच्या टेकाडात १९५५ साली बी. के. थापर यांनी उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण युगापासूनची वस्ती सापडली. सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. वर सातपुड्यात तोरणमाळचा यशवंत तलाव आहे. नंदुरबार शहरात शिरीषकुमारचं स्मारक आहे. ९ सप्टेंबर १९४२ ला पोलिसांच्या गोळीबारात तो आणि त्याचे चार सोबती गेले. शिरीष जेमतेम पंधरा वर्षांचा होता. त्या मोर्चातली घोषणा गुजरातीत होती. आमच्याकडे मराठी, अहिराणी, गुजराती, भिली अशा बोली एकाच बाजारात ऐकू येतात.

आणि मोलगीकडची काठीची राजवाडी होळी! उंच बांबूची होळी रात्रभर नाचून पहाटे पेटवतात. मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरं, अंगावर नक्षी. फोटो भारी येतात, खरंय. पण नाचणारे कित्येक दिवस व्रत पाळून तिथे आलेले असतात. खाटेवर झोपत नाहीत, ब्रह्मचर्य पाळतात. त्यांच्यासाठी हा शो नाही, नवस आहे. तेव्हा मोबाईल काढायच्या आधी विचारा, आणि कुणी नको म्हटलं तर खिशात ठेवा.

इब्न बतूतानं आपले दागिने, कपडे नुसते बघितले नाहीत. लोक काय खातात, काय पाप मानतात, लग्नं कशी जुळवतात, हे विचारलं असणार, म्हणून तर लिहिता आलं. तुम्हीही आलात की एक रील कमी काढा आणि दोन प्रश्न जास्त विचारा. पुढच्या माणसाला नंदुरबार तुमच्या नोंदीतून दिसणार आहे.