राबाची राख आणि रस्त्याची राख

कर्जत-खालापूरच्या शेतकऱ्याने राखेसाठी एकदा सरकारशी वाद घातला आहे. भाताचे रोप ज्या तुकड्यात टाकायचे, तिथे शेण, गवत, पालापाचोळा आणि ऐनाचे टहाळ पसरून जाळायचे, हा राब. वनखात्याने टहाळ तोडण्यावर बंधने घातली तेव्हा ठाणे-कुलाब्यात एवढी ओरड झाली, की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. राब हा त्या वादाचा गाभा होता. मला त्यातली शेतकऱ्याची बाजू रास्त वाटते, कारण पहिल्या सरीबरोबर राखेतले पालाश विरघळून रोपाच्या मुळाशी जाते, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते.

राखेचा हाच विरघळण्याचा गुण रस्त्यात मात्र उलटतो.

शिळफाट्यावरून वर चढणाऱ्या बोरघाटाचा गाडीरस्ता गव्हर्नर माल्कमने १८३० मध्ये खुला केला. त्याच सुमारास इंग्लंडात मॅकअ‍ॅडमचा बोलबाला होता. त्याचे म्हणणे साधे होते: रस्त्याचा भार शेवटी खालची माती पेलते, म्हणून ती कोरडी ठेवा. राखेच्या भरावाला हा नियम दुहेरी लागू पडतो. पाणी आत शिरले तर भराव खचतो आणि बाहेर पडताना ते राखेतले क्षार घेऊन जाते.

आता राखेचा हिशोब. एक टन भात भरडले की साधारण २०० किलो तूस निघते आणि ते जाळले की ४० किलोच्या आसपास राख उरते. तिच्यात बहुतांश सिलिका. ती नीट जळलेली असेल तर चुन्याशी किंवा सिमेंटशी बांधली जाते आणि मऊ माती घट्ट करते. मुरमाचे डोंगर पोखरण्यापेक्षा हे केव्हाही बरे. पण ‘जैविक राख’ हे एकच नाव फसवे आहे. लाकडाची राख तीव्र अल्कधर्मी असते. बॉयलरच्या धुरातून पकडलेल्या बारीक राखेत कॅडमियम आणि जस्त साठतात. रसायन पाजलेले जुने लाकूड जळणात आले, तर राखेत आर्सेनिक आणि क्रोमियमही उतरते. तुसाची राख यांच्याच ढिगात मिसळली, की तिचा चांगुलपणा संपला.

केंद्र सरकारची १९९९ ची राखेविषयीची अधिसूचना औष्णिक केंद्रांच्या कोळशाच्या राखेपुरती होती. गिरणी-भट्टीची राख तिच्या कक्षेत येत नव्हती. फिनलंडने मात्र २००६ मध्येच बांधकामातल्या राखेसाठी नियम केला. त्यात राखेत काय आहे एवढेच पाहत नाहीत, तर पाण्यात किती उतरते तेही मोजतात. मोजायची रीत तीच घ्यावी, पण मर्यादा तशाच्या तशा उचलू नयेत. तिकडे वर्षभरात सहा-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. खालापुरात चार महिन्यांत तीन हजारांच्या वर पडतो आणि रस्त्याकडेच्या गटाराचे पाणी शेताच्या बांधावरून ओढ्याला, ओढ्यातून पाताळगंगेला मिळते.