दातेरी चाकाची कुळकथा

1950 च्या सुमाराच्या एखाद्या अमेरिकन गाडीचा मागचा ड्रम उतरवला, की दोन अर्धगोल ब्रेक शू समोरासमोर उभे दिसतात आणि त्यांच्या खालच्या टोकांमध्ये एक आडवा स्क्रू. त्या स्क्रूवर दाते असलेलं एक छोटं चाक असतं. त्याचं नाव स्टार व्हील. ते फिरवलं की स्क्रू लांबतो, शू फाकतात आणि ड्रमच्या जवळ जातात. पंधरा वर्षांनी बनलेल्या गाडीचा ड्रम उतरवा. तेच चाक, तोच स्क्रू; पण आता शेजारी तारेची एक केबल, एक खटका आणि जास्तीची एक स्प्रिंग आहे. एवढ्याशा सामानाने माणसाच्या हातातलं एक काम काढून घेतलं. जुन्या गाड्या जपणारे काही जण आज हे सामान काढून टाकून ते काम पुन्हा हातात घेतात. ते योग्य की अयोग्य, हे ठरवायचं तर हे सामान तिथे का आलं इथून सुरुवात करावी लागते.

ड्रमच्या आतून शू बाहेर फाकवून चाक थांबवायची रचना गाडीत आणण्याचं श्रेय साधारणपणे फ्रान्सच्या लुई रेनॉल्टला दिलं जातं, साल 1902. शूवर जे अस्तर असतं, आपले मेकॅनिक ज्याला लायनर म्हणतात, त्याची गोष्ट इंग्लंडमधल्या डर्बीशायरची. तिथे हर्बर्ट फ्रूडने 1897 मध्ये ब्रेकच्या अस्तरांचा धंदा सुरू केला आणि 1908 च्या सुमारास त्यात ॲस्बेस्टॉस आणलं. फेरोडो हे नाव त्याच्याच आडनावातून निघालं. उष्णता सोसणारं अस्तर मिळालं, तरी झिजणं चुकलं नाही. ब्रेक लावला की लायनर थोडं झिजणार, शू आणि ड्रममधली फट तेवढी वाढणार. ड्रम ब्रेकच्या सगळ्या कुळकथेचा उगम या फटीत आहे.

सळ्या आणि तारांनी चालणाऱ्या ब्रेकात ही फट फार छळायची. चार चाकांच्या चार फटी वेगवेगळ्या झाल्या की गाडी ब्रेक लावताच एका बाजूला ओढायची. माल्कम लॉकहीडने 1917 च्या सुमारास तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचं पेटंट घेतलं आणि 1921 च्या ड्यूसेनबर्ग गाडीत असे ब्रेक चारही चाकांना आले. तेलाचा दाब सगळीकडे सारखा पोचतो, त्यामुळे ओढण्याची तक्रार पुष्कळ कमी झाली. फट मात्र राहिलीच. पेडलने चालणारा मास्टर सिलिंडर एका दमात ठरावीक तेलच पुढे ढकलू शकतो. फट वाढली की शू ड्रमपर्यंत पोचवण्यातच ते तेल खर्ची पडतं आणि पेडल तळाला जातं. मग ड्रायव्हर पेडल दोनदा मारतो, म्हणजे पंपिंग करतो. सपाट रस्त्यावर हे निभतं. उतारावर ड्रम तापून प्रसरण पावलेला असतो, फट आणखी वाढलेली असते, आणि नेमकं तेव्हा दुसऱ्यांदा पेडल मारायला वेळ नसतो.

म्हणून दर काही हजार मैलांनी ब्रेक आवळणं हे तेल बदलण्याइतकंच नित्याचं काम होतं. आपल्याकडे हे काम जीपने रुजवलं. महिंद्रांनी 1947 पासून मुंबईत विलीज जीप जुळवायला घेतल्या. त्या जीपच्या ब्रेकमागच्या पत्र्यावर, म्हणजे बॅकप्लेटवर, बाहेरून फिरवता येणारे विकेंद्री कॅम होते. चाक जॅकवर उचलायचं, हाताने फिरवत राहायचं, चाक धरेपर्यंत कॅम आवळायचा आणि मोकळं होईल इतपत मागे घ्यायचा. यात मोजपट्टी नसते. घासण्याचा आवाज आणि हाताला लागणारा जोर यांवरच भिस्त. ही फार चांगली विद्या आहे असं मला वाटतं, कारण ती शिकताना माणूस प्रत्येक चाकापाशी बसतो आणि गळणारा सिलिंडर किंवा तेलकट झालेलं लायनर त्याच्या नजरेतून सुटत नाही.

पण चांगली विद्यासुद्धा विसरली जाते. लाखो गाड्या आणि त्यांचे लाखो मालक यांच्यातले किती जण वेळेवर ब्रेक आवळून घेतील, या प्रश्नाने अमेरिकन कारखाने स्वतःहून आवळणाऱ्या ब्रेककडे वळले. इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडच्या स्टुडबेकर कंपनीने, जी मुळात घोडागाड्या बनवायची, 1947 च्या मॉडेलांमध्ये असे ब्रेक दिले. त्यानंतर दहा वर्षं ही कल्पना मागेच पडल्यासारखी होती. 1957 ची मर्क्युरी आणि 1958 ची एडसेल यांनी ती परत आणली. एडसेल बाजारात सपशेल आपटली, पण तिच्या ब्रेकमधली युक्ती टिकली, आणि 1960 च्या दशकाच्या पूर्वार्धात ती बहुतेक अमेरिकन गाड्यांत पोचली.

ती युक्ती नीट पाहण्यासारखी आहे. सुरुवातीला पाहिलेल्या बेंडिक्स पद्धतीच्या ब्रेकात शू वरच्या बाजूला एका जाड खुंटीला टेकतात. खाली ते कशालाच बांधलेले नसतात, फक्त त्या दातेरी स्क्रूने एकमेकांना जोडलेले असतात. गाडी पुढे जाताना ब्रेक लावला की फिरता ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढतो, पुढचा शू स्क्रूमार्फत मागच्या शूला ढकलतो आणि मागचा शू खुंटीवर दाबला जाऊन घट्ट बसतो. गाडी रिव्हर्समध्ये असताना ब्रेक लावला तर हेच उलट होतं आणि मागचा शू खुंटीपासून सुटून थोडा सरकतो. केबलचं एक टोक खुंटीला आणि दुसरं खटक्याला असतं. मधे ती मागच्या शूवरच्या खोबणीतून वळते. शू सरकला की केबल ताणली जाते आणि खटका वर उचलला जातो. फट बेताची असेल तर तो पुढच्या दात्यापर्यंत पोचतच नाही. फट वाढली असेल तर दाता पकडतो, आणि ब्रेक सोडताच स्प्रिंग त्याला खाली आणून चाक एक दाता फिरवते. किती झिजलं हे मोजायला वेगळं काही लागत नाही. शूचं सरकणं हेच माप. साध्या तारेच्या तुकड्याकडून इतकं शहाणपणाचं काम करून घेणाऱ्या अनाम ड्राफ्ट्समनबद्दल मला मनापासून आदर आहे.

म्हणजे गाडी अधूनमधून मागे घेऊन ब्रेक लावला पाहिजे. ज्या गाडीला रिव्हर्स क्वचितच लागतो, तिथे खटका बसूनच राहतो. डाव्या-उजव्या चाकांच्या स्क्रूंचे आटे एकमेकांच्या उलट असतात. दुरुस्तीत त्यांची अदलाबदल झाली, तर खटका प्रामाणिकपणे चाक फिरवतो आणि शू ड्रमपासून दूर नेतो. याशिवाय गंजलेले आटे, ताणलेली केबल, झिजलेलं खटक्याचं टोक. तापलेल्या ड्रममध्ये या ऑटोमॅटिक ॲडजस्टरने जादा दाता घेतला, तर ड्रम थंड झाल्यावर गाडीचं चाक धरतं, ही तक्रारही जुनीच.

यातल्या बहुतेक दुखण्यांचा इलाज साफसफाई, उष्णता सोसणारं ग्रीस आणि योग्य बाजूचा स्क्रू एवढाच आहे. म्हणून सरसकट ऑटोमॅटिकला दोष देऊन ते काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. भाग मिळतच नसतील, किंवा वर्षाकाठी थोडीच चालणारी आणि मालकाच्या स्वतःच्या देखरेखीखालची गाडी असेल, तर मात्र हाताच्या ॲडजस्टमेंटवर जाणं पूर्ण रास्त आहे. बेंडिक्स ब्रेकात ते सोपं वाटतं: केबल, खटका आणि त्याची स्प्रिंग काढली की झालं.

इथेच जुन्या रचनेतला एक बारकावा निसटतो. हाताने आवळायच्या ब्रेकात शूंची खालची टोकं ओढून धरणारी स्प्रिंग स्टार व्हीलच्या दात्यांवर टेकलेली असे, म्हणजे धक्क्यांनी चाक आपोआप फिरू नये. ऑटोमॅटिक ब्रेक आला तेव्हा तिच्या जागी वेगळ्या बांध्याची स्प्रिंग आली, कारण आता दाते मोकळे हवे होते आणि चाक धरून ठेवायचं काम खटक्याकडे गेलं होतं. खटका काढला आणि नवीच स्प्रिंग ठेवली, तर चाकाला धरणारं कोणी उरत नाही. म्हणून स्प्रिंगसुद्धा जुन्या बांध्याची हवी. दोन्ही बाजू सारख्या करायच्या, बॅकप्लेटच्या खाचेतून स्टार व्हील फिरवून गाडीचं चाक धरेपर्यंत आवळून मग मोकळं करायचं, पेडल जोरात मारून शू मधोमध बसवायचे आणि पुन्हा तपासायचं. आतली धूळ हवा मारून उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, म्हणून ती धूळ ओल्या फडक्याने टिपायची.

ऑटोमॅटिक ॲडजस्टर जागेवर ठेवून वरून हाताने आवळत राहणं, हा तिसरा मार्ग मला सर्वांत घातक वाटतो. अमेरिकेत हवेच्या ब्रेकच्या नव्या ट्रकना 1994 पासून स्वयंचलित ॲडजस्टर सक्तीचे झाले. 2003 मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या ग्लेन रॉक इथे उतारावर एका डंपरचे ब्रेक लागले नाहीत आणि तो मोटारींवर जाऊन आदळला. त्यात बळी गेले. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात, मेकॅनिकांना ब्रेकचा मूळ दोष ओळखता आला नव्हता हे एक कारण म्हणून नोंदलं गेलं. सैल पडलेला स्वयंचलित ॲडजस्टर हाताने आवळून दिला की तो का सैल पडतोय हा प्रश्न झाकला जातो, असा इशारा मंडळाने दिला. ट्रकची रचना मोटारीहून निराळी आहे, पण हा इशारा दोन्हींना लागू पडतो.

डिस्क ब्रेकने फटीचा हा सगळा प्रश्न पिस्टनभोवतीच्या रबरी सीलने सोडवला. तिथे झिजेप्रमाणे पिस्टन आपसूक पुढे येतो.

ड्रम ब्रेक ऑटोमॅटिकवरून हाताच्या ॲडजस्टमेंटवर नेण्याचा बदल केलाच, तर तो बॉनेटखाली ठळक अक्षरांत लिहून ठेवावा आणि गाडीच्या कागदांतही नोंदवावा: ब्रेक हाताने आवळायचे आहेत, शेवटचे अमुक तारखेला, अमुक किलोमीटरवर आवळले. पुढचा मालक किंवा अनोळखी मेकॅनिक कारखान्याचं पुस्तक उघडेल तेव्हा त्यात ब्रेक स्वतःहून ॲडजस्ट होतात असंच छापलेलं असेल.