गोषवारा, खुलासा आणि प्रेसी : इंग्रजी थोडक्यात लिहिण्याचा इतिहास

आजचा विषय कळमनुरीत ठेवला याचं काही जणांना नवल वाटलं. इंग्रजी उताऱ्याचा सारांश लिहिणं हा काय व्याख्यानाचा विषय आहे, तो तर क्लासचा विषय, असं एका गृहस्थांनी आल्याआल्याच आम्हांला ऐकवलं. क्लासचा आहेच. पण या सवयीमागे जवळजवळ दोनशे वर्षांचा कारभार उभा आहे, आणि समोर बसलेल्यांपैकी बरेच जण स्पर्धा परीक्षेची तयारी करताहेत. आपण जे घोकतो आहोत ते आलं कुठून, हे त्यांना कळायला हवं, असं आम्हांला वाटतं.

आधी नावाचंच बघा. शब्द फ्रेंच. उच्चार 'प्रेसी', शेवटचा स मुका. आमच्या वेळी कॉलेजात त्याला सर्रास 'प्रीसीस' म्हणत, आणि आम्हीही बरीच वर्षं तेच म्हणत होतो. पण आपल्याकडे त्या वस्तूला नाव आधीपासून होतं : गोषवारा. शब्द फारसी आहे. गोश म्हणजे कान, आणि गोशवारा म्हणजे कानातला दागिना. हिशेबाच्या लांबलचक कागदाचा जो संक्षेप काढतात त्यालाही तेच नाव पडलं. दुसरा शब्द खुलासा. याची गंमत अशी की मराठीत खुलासा करा म्हटलं की माणूस फोड करून, वाढवून सांगतो. उर्दूत मात्र खुलासा म्हणजे सार, संक्षेप. इथल्या ज्या जुन्या मंडळींनी उर्दूत शाळा केली त्यांना 'खुलासा लिहा' म्हटलं की ती पानाचं चार ओळींत आणत. त्यांची नातवंडं त्याच शब्दावर चार ओळींचं पान करतात!

आता इंग्रजांच्या कचेरीत जाऊ. कंपनीचा कारभार कागदावर चालायचा. जिल्ह्यातून मुंबईला, मुंबईहून लंडनला, आणि प्रत्येक पत्राला जोडपत्रं. वरच्या साहेबाला ते सगळं वाचायला वेळ कुठला? मग खालचा माणूस गठ्ठा वाचून पानभर टिपण करी आणि साहेब ते वाचून हुकूम देई. हे काम इतकं महत्त्वाचं ठरलं की १८५५मध्ये ब्रिटनमध्ये सिव्हिल सर्व्हिस कमिशन स्थापन झाल्यावर कारकुनांच्या परीक्षांत प्रेसी हा विषयच आला. म्हणजे हा प्रकार साहित्याच्या वर्गात जन्मला नाही, तो फाईलीत जन्मला. 'तुमची स्वतःची मते घालू नका' हा जो नियम तुम्हांला शिकवतात, तो व्याकरणाचा नियम नव्हे. तो कारकुनाचा नियम आहे. मत साहेबाचं, कारकुनाचं नाही.

इथे जरा थांबू, कारण खरी गोष्ट इथे आहे. १८६८पासून मुंबई सरकार दर आठवड्याला एक गुप्त अहवाल काढू लागलं. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांत काय छापून आलं, त्याचा इंग्रजी संक्षेप. मराठी संपादकानं दोन रकाने भरून दुष्काळावर लिहावं, आणि सरकारी टेबलावर त्याच्या पाच-सहा ओळी पोचाव्यात. हे काम करणारी माणसं हुशार होती, त्यांची इंग्रजी घोटीव होती, यात वाद नाही. आम्ही त्या अहवालांची जी पानं पाहिली आहेत ती वाचायला सुरेख आहेत. पण संक्षेप करताना पहिल्यांदा काय गळतं? 'कदाचित' गळतं. 'काही ठिकाणी' गळतं. उपरोध गळतो. म्हण गळते, कारण तिचं इंग्रजी करायला तीन ओळी लागतात. राहतो तो आरोप. लेखकानं सतरा अटी घालून केलेलं विधान, अटी काढल्या की सरळ धमकीसारखं दिसतं. त्यातली बरीच वर्तमानपत्रं आज मिळत नाहीत, त्यामुळे इतिहासकारांना पुष्कळदा त्या संक्षेपावरच भागवावं लागतं. मूळ गेलं आणि गोषवारा उरला.

१९०८चा टिळकांवरचा खटला आठवा. 'केसरी'तले लेख मराठी, न्यायालयापुढे त्यांचं इंग्रजी भाषांतर, आणि नऊ पंचांपैकी सात युरोपियन, दोन पारशी. भाषांतरातले शब्द मूळ अर्थाला धरून नाहीत, हा टिळकांच्या बचावातला एक मोठा भाग होता. एकवीस तासांहून अधिक ते बोलले, कित्येक दिवस. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले आणि २२ जुलै १९०८ला सहा वर्षांची शिक्षा झाली. तिथे प्रश्न भाषांतराचा होता, संक्षेपाचा नव्हे, हे आम्ही मान्य करतो. पण दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत नेताना काय होऊ शकतं, ते याहून स्वच्छ कुठे दिसेल?

याच्या उलट उदाहरणही आपल्याच लोकांचं आहे. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई. जन्म १८६५चा. बडोद्याची नोकरी करून निवृत्त झालेले, पासष्टीच्या आसपास पोचलेले. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे ढीग होते. त्यांतून निवडून १९३० ते १९३४ या काळात त्यांनी पंचेचाळीस खंड छापले. त्या खंडांत मराठी पत्राच्या डोक्यावर दोन-चार ओळींचा इंग्रजी सारांश असतो. ज्यांनी अठराव्या शतकातलं मराठी पत्र वाचलंय त्यांना ठाऊक आहे ते काय काम आहे. आधी मायना, मग कुशल, मग 'विनंती विशेष', मग एका वाक्यात तीन लढाया आणि एका सावकाराचं देणं, आणि हे सगळं झाल्यावर शेवटी 'बहुत काय लिहिणे'. एवढं लिहून वर पुन्हा 'जास्त काय लिहू' म्हणायचं! सरदेसाई त्यातून एवढंच उचलतात : कोण, कोणाला, काय झालं, काय मागतो. पण आम्हांला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. त्या इंग्रजी ओळींच्या खाली मूळ पत्र अख्खं छापलेलं आहे. सारांश चुकला तर वाचणारा तिथल्या तिथे बोट ठेवू शकतो. त्या गुप्त अहवालात आणि या खंडांत फरक इंग्रजीच्या दर्जाचा नाही. मूळ शेजारी आहे की नाही, एवढाच आहे.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. कळमनुरी तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात. हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ला, अगदी अलीकडे. शेजारी हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, तिथे गोऱ्या अधिकाऱ्यांची इंग्रजी चाले. पण तालुक्याच्या कचेरीची भाषा ती नव्हती. १८८४ला फारसी जाऊन उर्दू आली, आणि १९१८ला उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. इंग्रजी तिथे सक्तीचा विषय होता, माध्यम नव्हे. घरी मराठी, शाळेत उर्दू, आणि विषय म्हणून इंग्रजी, अशी तीन पायऱ्यांची शिडी. १७ सप्टेंबर १९४८ला मुक्ती मिळाली, आणि बघता बघता उर्दूत तयार झालेल्या माणसाचा मधला दांडाच निघाला. १९५६ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. तिथे पुण्या-मुंबईच्या पोरांशी स्पर्धा, आणि ती पोरं तीन पिढ्या इंग्रजी लिहीत आलेली. १९५८ला औरंगाबादला विद्यापीठ झालं तेव्हा कुठे पदवी जवळ आली. इंग्रजीची जी धास्ती या भागात अजून दिसते ती डोक्याची उणीव नाही. तिच्या मागे तारखा आहेत.

आणि तरीही थोडक्यात इंग्रजी या भागात सगळ्यांना समजायची, बरं का. तारेची! 'फादर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली.' चार शब्द. पोस्टमन दारात आला की निरक्षर आजीलाही अर्थ कळायचा, वाचायच्या आधीच ती रडायला लागायची. शब्दाला पैसे पडत, म्हणून माणसं मोजून लिहीत. २०१३च्या जुलैत तारसेवा बंद झाली.

पण तार म्हणजे प्रेसी नव्हे, आणि इथेच मुलं फसतात. एक नमुना घेऊ. कयाधूला पूर आलाय आणि शाळेची सूचना लागलीय : 'इट इज हिअरबाय ब्रॉट टू द नोटीस ऑफ ऑल द स्टुडंट्स दॅट, ड्यू टू द फॅक्ट दॅट द रिव्हर इज ॲट प्रेझेंट इन फ्लड, द स्कूल विल रिमेन क्लोज्ड फॉर अ पीरियड ऑफ टू डेज.' मोजा. पस्तीस शब्द. आता : 'द स्कूल विल बी क्लोज्ड फॉर टू डेज बिकॉज ऑफ द फ्लड.' बारा. एक तृतीयांश झालं, आणि माहिती कुठली सांडली? जवळजवळ काहीच नाही. 'ड्यू टू द फॅक्ट दॅट' हे पाच शब्द एका 'बिकॉज'चं काम करत होते, 'अ पीरियड ऑफ' तर काहीच करत नव्हता. याहून पुढे जाऊन कोणी लिहील, 'स्कूल क्लोज्ड टू डेज, फ्लड'. ती तार झाली. वाक्य मोडलं, आणि परीक्षक मोडलेल्या वाक्याचे गुण कापतो. उलट मूळ सूचनेत 'विल'च्या जागी 'मे' असतं आणि तुम्ही 'विल' केलं असतं, तर शब्द तितकेच राहिले असते, इंग्रजी शुद्ध राहिली असती, आणि सूचना खोटी झाली असती.

यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीचा सक्तीचा पेपर तीनशे गुणांचा, पात्रतेसाठी पंचवीस टक्के, म्हणजे पंचाहत्तर. प्रेसीचा प्रश्नही पंचाहत्तरचाच. हे गुण अंतिम यादीत धरत नाहीत, पण तिथे अडलात तर बाकीचे पेपर विचारातच घेत नाहीत. मराठीतून सगळे पेपर उत्तम लिहिलेला उमेदवार या एका दारात अडकू शकतो. आणि त्या दाराची तयारी कशी होते? तयार उतारे आणि तयार सारांश पाठ करून. आम्हीही एके काळी तेच केलं. एका शिकवणीत आम्हांला चाळीस सारांश छापून दिले होते. मूळ उतारे मागितले तर ते नव्हतेच! गुप्त अहवालाचीच तऱ्हा.

पाठांतरानं हे येत नाही. उतारा दोनदा वाचायचा, पुस्तक पालथं घालायचं, आणि काय सांगितलं ते शेजाऱ्याला मराठीत तोंडी सांगायचं. सांगता आलं नाही तर समजलेलं नाही, मग इंग्रजीला दोष देऊ नका. आलं तर तेच साध्या इंग्रजीत लिहा, आणि मग मूळ उघडून 'मे', 'सम', 'सेल्डम', 'अनलेस' असले बारके शब्द तपासा. वेळ लागतो. रोज एक पुरे. इंग्रजांनाही हे नैसर्गिक येत नाही, बरं का. ९ ऑगस्ट १९४०ला, ऐन युद्धात, चर्चिलना आपल्या खात्यांना लेखी बजावावं लागलं होतं की अहवाल आखूड करा.

तुमच्यातलं कोणी उद्या तहसीलला बसेल. समोर पीकनुकसानीचा अर्ज येईल, तीन पानी, अर्ध्यात देवाधर्माची शपथ आणि घरची अडचण. त्यावर चार ओळींची टिपणी तुम्हीच लिहाल आणि वरचा अधिकारी बहुधा तेवढीच वाचील. त्या चार ओळींत पेरणीची तारीख राहिली की गेली, यावर त्या माणसाचे पैसे ठरतात.

असो, घड्याळ पुढे गेलंय. मागच्या फळ्यावर एक इंग्रजी उतारा लिहून ठेवला आहे, एकशे ऐंशी शब्दांचा. साठांत आणायचा आहे. वीस मिनिटं देतो. मग वह्यांची अदलाबदल करा आणि मूळ समोर ठेवूनच तपासा.