लघुमूर्तींचे वॉश-रंगकाम

लघुमूर्तींचे वॉश-रंगकाम : मेजावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांतील व भूमिकाखेळांतील छोट्या मूर्ती पातळ, पारदर्शक रंगद्रव्य वापरून कमी वेळात रंगविण्याची पद्धती. हे द्रव्य मूर्तीवर फिरवले, की ते उंचवट्यांवरून ओघळून खाचाखोचांत साचते आणि वाळल्यावर तेथे गडद छटा उमटते; या द्रव्यालाच ‘वॉश’ म्हणतात. जलरंगचित्रणातही ही संज्ञा रूढ आहे. मात्र तेथे कागदावर पसरलेला पातळ रंगथर अभिप्रेत असतो, तर येथे रंगाने खोलगट भागात गोळा होणे हेच साध्य असते.

पार्श्वभूमी : खेळण्यातील शिपाई मांडून नियमबद्ध लढाई खेळण्याचा छंद एच. जी. वेल्स यांच्या ‘लिट्ल वॉर्स’ (१९१३) या पुस्तकामुळे इंग्लंडमध्ये लोकप्रिय झाला. पुढे अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) हा भूमिकाखेळ आणि इंग्लंडमध्ये ‘वॉरहॅमर’ (१९८३) हा युद्धखेळ प्रसिद्ध झाल्यावर न रंगविलेल्या मूर्ती विकत घेऊन त्या स्वतः रंगविणे हा या छंदाचाच एक भाग बनला. युद्धखेळात एकेका खेळाडूच्या सैन्यात कित्येक डझन मूर्ती असू शकतात. प्रत्येकीवर छायाप्रकाशाचे थर हाताने चढवायचे म्हटले, तर असे सैन्य पुरे व्हायला महिनोन् महिने लागतात. या गरजेपोटी वॉश-पद्धतीचा प्रसार झाला.

तत्त्व : प्रचलित २८ मिमी. मापाची मूर्ती खऱ्या माणसाच्या सुमारे साठाव्या हिश्श्याएवढी असते. वस्त्राच्या चुण्या, चिलखताच्या कड्या, केसांच्या बटा या मापात इतक्या उथळ होतात, की खोलीतल्या उजेडात त्यांची सावली जेमतेम पडते आणि एकरंगी मूर्ती सपाट दिसते. म्हणून सावली रंगानेच दाखवावी लागते. मूर्तिकाराने चुण्या व खाचा आधीच कोरलेल्या असल्याने सावलीच्या जागा ठरलेल्याच असतात आणि केशाकर्षण व गुरुत्व यांच्या योगाने पातळ रंग आपोआप तेथे पोहोचतो. मात्र नुसते पाणी घालून पातळ केलेला रंग पृष्ठताणामुळे थेंबाथेंबांनी गोळा होतो. म्हणून वॉशमध्ये रंगकणांबरोबर ॲक्रिलिक माध्यम आणि पृष्ठताण कमी करणारे द्रव्य मिसळलेले असते.

कृती : साच्याच्या सांध्यांच्या रेषा खरवडून मूर्ती साबणाच्या पाण्याने धुतली जाते व वाळल्यावर तिला अस्तराचा हात दिला जातो, कारण गुळगुळीत प्लास्टिकवर किंवा धातूवर रंग नीट धरत नाही. नंतर अंग, वस्त्र, चामडे, धातू अशा भागांना त्यांचे मूळ रंग एकेका सपाट थरात दिले जातात. वॉशमुळे एकंदर रंग गडद होत असल्याने ते थोडे उजळच निवडले जातात. त्यानंतर वॉशचा हात फिरवून जास्तीचा साठा ओलसर कुंचल्याने टिपून घेतला जातो. त्वचा, चामडे व हाडे यांना तपकिरी, पोलादाला काळा आणि हिरव्या वस्त्राला गडद हिरवा वॉश शोभतो. तो पूर्ण वाळल्यावर जवळजवळ कोरडा कुंचला उंचवट्यांवरून हलकेच फिरवून कडा उजळल्या जातात आणि शेवटी झळाळी नसलेल्या वॉर्निशचा हात दिला जातो. वेग घाईतून येत नाही, तर कामाच्या क्रमातून येतो : दहा-वीस मूर्ती ओळीने मांडून प्रत्येक टप्पा सर्वांवर एकदम केला, की शेवटची मूर्ती होईपर्यंत पहिली वाळत आलेली असते.

प्रकार : ‘डिप’ पद्धतीत मूर्ती रंगीत पॉलियुरेथेन वॉर्निशात बुडवून झटकली जाते, द आर्मी पेंटर या डॅनिश कंपनीचे ‘क्विकशेड’ हे अशा वॉर्निशाचे प्रसिद्ध उदाहरण होय. त्यात छटा व संरक्षक थर एकाच वेळी मिळतात, परंतु वाळण्यास सुमारे एक दिवस लागतो. गेम्स वर्कशॉप कंपनीने २०१९ मध्ये बाजारात आणलेल्या ‘कॉन्ट्रास्ट’ रंगांत मूळ रंग आणि छाया दोन्ही एकाच थरात साधतात. हे रंग फिकट अस्तरावरच खुलतात. मात्र काळ्या अस्तरावरही वरून पांढरा फवारा मारून किंवा पांढऱ्या रंगाचा कोरडा कुंचला फिरवून मग पारदर्शक रंग दिल्यास अस्तरातला छायाप्रकाश रंगांतून पाझरून दिसतो.

दोष व मर्यादा : ढाल, वाहन अशा सपाट पृष्ठांवर वॉश वाळताना कडेला डाग उमटतो, कारण कडा आधी सुकते व रंगकण तिच्याकडे ओढले जातात, म्हणून अशा ठिकाणी तो फक्त खाचेपुरताच लावणे इष्ट असते. अर्धवट वाळलेल्या थरावर पुन्हा कुंचला फिरविल्यास रंग ओरबाडला जातो. प्रकाशाची दिशा वा चेहऱ्यावरील सूक्ष्म भाव वॉश आपोआप साधत नाही. त्यामुळे प्रदर्शनासाठीच्या मूर्तींत थरावर थर चढविण्याच्या पद्धतीचे महत्त्व कायम आहे. तथापि खेळातली मूर्ती भिंगाखाली पाहिली जात नाही; ती हातभर अंतरावरून, इतर अनेक मूर्तींच्या रांगेत पाहिली जाते. त्या अंतरावर खाचांतील गडद रेषेने चेहरा, हात व शस्त्र वेगवेगळे ओळखू येतात आणि नवशिक्यालाही आपले सबंध सैन्य रंगवून पटावर उतरविता येते, हे या पद्धतीचे खरे मोल होय.