छोट्या आगगाडीच्या गावातील पाट्या

आगगाडीची लघुप्रतिकृती करण्याचा छंद हा इतिहासलेखनाचाच एक प्रकार आहे, असे आम्ही म्हटले तर इतिहास विभागातील आमचे सहकारी नाके मुरडतील. तरीही त्या छंदातील एका दुर्लक्षित अंगाविषयी, म्हणजे प्रतिकृतीतील दुकानांच्या पाट्या, भिंतींवर रंगवलेल्या जाहिराती आणि रस्त्याकडेचे फलक यांच्याविषयी, साहित्याच्या वाचकांनी विचार करावा असे आम्हांला वाटते. कारण त्या सबंध मूक जगात शब्द असतात ते एवढेच.

मोठ्या टेबलावर रूळ अंथरायचे, भोवती डोंगर, पूल, गुदामे, वस्ती उभी करायची आणि त्यातून खऱ्या गाडीच्या सुमारे ८७ पट लहान गाडी धावती ठेवायची, हा अमेरिकेतील प्रौढांचा जुना छंद. पुण्याच्या वाचकांना १९९८ साली सुरू झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय ठाऊक असेल, त्यामुळे प्रकार अपरिचित नाही. अमेरिकेत त्याला संघटित रूप आले ते महामंदीच्या काळात. मिलवॉकी येथून 'मॉडेल रेलरोडर' हे मासिक १९३४ साली निघू लागले आणि पुढच्याच वर्षी त्याच शहरात छंदिष्टांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. आरंभी सारे लक्ष इंजिनावर असे. गाव, भिंती, पाट्या यांकडे लक्ष वळले ते हळूहळू. आणि जेव्हा वळले, तेव्हा बहुतेकांना जो काळ उभा करावासा वाटला तो १९३० ते १९६० यांच्या मधला. वाफेची आणि डिझेलची इंजिने एकाच रुळांवर शेजारी उभी दिसत, असा तो संधिकाल.

आता हा काळ प्रेक्षकाला कळणार कसा? इंजिन पाहून तो जाणकारालाच कळतो. डोंगराला तर साल नसतेच. काळ सांगतात त्या पाट्या. म्हणूनच जाणकार छंदिष्ट पाटीकडे ज्या नजरेने पाहतो ती नजर आमच्या पाठचिकित्सकाच्या नजरेहून वेगळी नाही. जुन्या कागदाचा काळ ठरवताना आपण मोडीचे वळण, कालगणना, फारसी शब्दांचे प्रमाण पाहतो; तो पत्ता आणि अक्षराचे वळण पाहतो. अमेरिकेत पाच आकडी झिप कोड १ जुलै १९६३ रोजी आला. म्हणजे १९५० सालच्या म्हणून दाखवलेल्या गुदामावर तो आकडा दिसला की ती पाटी प्रक्षिप्त समजावी. हेल्वेटिका हे आज सर्वत्र दिसणारे अक्षरवळण स्वित्झर्लंडमध्ये १९५७ साली दुसऱ्या नावाने जन्मले आणि १९६० साली त्याला हे नाव मिळाले. तेव्हा मंदीच्या काळातील किराणा दुकानावर हेल्वेटिका म्हणजे ज्ञानेश्वरीच्या पोथीत 'स्टेशन' हा शब्द सापडण्यासारखेच. घरोघरी संगणक आणि छपाईयंत्र आल्यावर कोणालाही पाटी करणे सोपे झाले आणि असे कालविपर्यास वाढले, ही त्या सोयीची दुसरी बाजू.

पाटी करण्याची रीतही सांगण्यासारखी आहे. खऱ्या जगातला एक फूट म्हणजे या प्रमाणात साडेतीन मिलिमीटर. अमेरिकेत 'चोवीस तावांचा फलक' म्हणून जो प्रमाण आकार रूढ झाला, त्यातील चित्राची उंची ८ फूट ८ इंच आणि लांबी १९ फूट ६ इंच. टेबलावर तो होतो जेमतेम ३० मिलिमीटर उंच आणि ६८ मिलिमीटर लांब, म्हणजे आपल्या नेहमीच्या भेटपत्रिकेहूनही लहान. विटांच्या भिंतीवरची जाहिरात करायची तर काम अधिक नाजूक. अक्षरे कागदावर छापून घ्यायची, कागद पालथा घालून मागच्या बाजूने बारीक पॉलिशपेपरने घासत राहायचे, तो पारदर्शक होईपर्यंत. मग पातळ केलेला पांढरा डिंक लावून तो प्लास्टिकच्या विटांवर बसवायचा आणि ओला असतानाच बोटाने हलके दाबत जायचे. कागद विटांच्या सांध्यांत उतरतो आणि चिकटवलेली जाहिरात रंगवल्यासारखी दिसू लागते. शेवटचे काम ती बिघडवण्याचे. खडूची भुकटी, शाईचे पातळ पाणी, मधूनच एखाद्या अक्षरावर पॉलिशपेपरचा हात. नव्या पाटीला पन्नास वर्षांचे ऊन काही मिनिटांत दाखवायचे असते. हात थोडा जड पडला तर कागद फाटतो आणि सारे पहिल्यापासून.

मूळ पाट्यांनी हे ऊन खरोखरच खाल्ले होते. उंच भिंतींवर दोरांनी टांगलेल्या फळीवर बसून रंगकाम करणाऱ्यांना तिकडे 'भिंतीवरचे कुत्रे' अशा अर्थाचे नाव होते. त्यांच्या रंगांत शिसे असे. ते रंगाऱ्याच्या प्रकृतीला घातक, अक्षराला मात्र चिरंजीव करणारे. पार्श्वभूमीचा रंग उडून गेला तरी सफेद्याची अक्षरे विटांना धरून राहिली, आणि एकाच भिंतीवर दोन-तीन पिढ्यांच्या जाहिराती एकमेकींतून डोकावू लागल्या. खरवडून पुन्हा लिहिलेल्या चर्मपत्राखालचा जुना मजकूर दिसावा, तसा हा प्रकार. पश्चिम व्हर्जिनियातील व्हीलिंग येथील एका तंबाखू कंपनीने शेतकऱ्यांच्या कोठारांवर 'मेल पाउच' ही आपली जाहिरात रंगवली. त्या रंगाऱ्यांपैकी हार्ली वॉरिक २००० साली वारला. त्याने सुमारे २०,००० कोठारे रंगवली, असे सांगितले जाते. कामगाराचे नाव जाहिरातीपेक्षा अधिक टिकल्याचे असे उदाहरण विरळा.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी विशेष पाहावे असे उदाहरण 'बर्मा-शेव्ह'चे. दाढीच्या क्रीमच्या या मिनियापोलिसच्या कंपनीने १९२५ साली रस्त्याकडेला छोट्या फळ्यांची मालिका लावण्यास आरंभ केला. पुढे रूढ झालेल्या मालिकेत सहा फळ्या, दोन फळ्यांत साधारण १०० फूट अंतर, प्रत्येकीवर यमकाच्या पद्याचा एक तुकडा आणि अखेरच्या फळीवर कंपनीचे नाव. धावत्या मोटारीतून वाचक एकेक चरण ओलांडत जाई. यती कुठे पडणार हे कवीऐवजी गाडीचा वेग ठरवी. १९६३ साली कंपनी विकली गेली आणि फळ्या काढल्या गेल्या. टेबलावर ही मालिका खऱ्या अंतराने उभी करायची तर पावणेदोन मीटर जागा लागते. एवढी जागा कोणाकडेच नसते. म्हणून फळ्या वीत-दीड विताच्या अंतरात दाटीवाटीने उभ्या राहतात आणि पद्य एका दृष्टिक्षेपात वाचून संपते. शब्द तेच, वृत्त मात्र हरवलेले. भाषांतरात जे होते तेच येथे होते.

१९६५ साली महामार्ग-सुशोभनाचा कायदा झाला आणि मोठ्या रस्त्यांकडेच्या फलकांवर बंधने आली. खऱ्या जगातून फलक ओसरू लागले, तसे ते टेबलावर दाट होत गेले. या दाटीची परिसीमा म्हणजे मॅसॅच्युसेट्समधील जॉर्ज सेलिऑस यांनी १९८०च्या दशकात उभारायला घेतलेली मांडणी: मंदीच्या काळातील न्यू इंग्लंड, आणि जिथे भिंत तिथे जाहिरात. त्याआधी कॅलिफोर्नियात माँटेरी येथे जॉन ॲलन यांनी आपल्या काल्पनिक रेल्वेला दोन गावांची म्हणून जी नावे दिली, त्यांचा उच्चार सलग केला की 'रक्तबंबाळ आणि पराभूत' असा अर्थ ऐकू येतो. १९७३च्या जानेवारीत ते वारले आणि पाठोपाठ काही दिवसांतच ती मांडणी आगीत गेली. आम्हांला विचाराल तर ॲलन यांचा विनोद हे खरे साहित्य. सेलिऑस यांची कारागिरी थक्क करते, पण तिच्यातील दारिद्र्यही देखणे झाले आहे.

येथेच मूळ प्रश्न उभा राहतो. मंदीच्या काळाच्या पाट्या आपल्याला ज्या छायाचित्रांतून ठाऊक आहेत, त्यांत नुसत्या पाट्या नाहीत. डोरोथिया लँग यांनी १९३७च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसकडे जाणाऱ्या रस्त्यावर घेतलेले छायाचित्र पाहा. एका बाजूला सदर्न पॅसिफिक रेल्वेचा भव्य फलक; त्यावर आसनात रेललेला सुखी प्रवासी आणि पुढच्या वेळी आगगाडीने जाण्याचा सल्ला. त्याच फलकाच्या बाजूने सामान उचलून दोन माणसे पायी चालली आहेत. फलकाची प्रतिकृती करणे अवघड नाही. चालणारी माणसे त्याच्याजवळ ठेवायची की नाहीत, हा निर्णय इतिहासकाराचा आहे.

दुसरे नाव जॅक डेलानो यांचे. १९४२-४३ मध्ये त्यांनी शिकागोची रेल्वे यार्डे आणि सांता फे मार्ग रंगीत फिल्मवर टिपला. त्या काळी डब्याचा तांबडा नेमका कसा होता, हे ज्यांना पाहायचे असते त्यांच्यासाठी ही छायाचित्रे म्हणजे प्रमाणग्रंथच. याच डेलानोंनी १९४०च्या मे महिन्यात उत्तर कॅरोलिनातील डरहॅमच्या बसस्थानकावर आणखी एक पाटी टिपली होती: कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या प्रतीक्षालयाची. दक्षिणेकडील रेल्वे स्थानकांवरही अशा पाट्या होत्या. स्थानकांचे नकाशेच दोन प्रतीक्षालये धरून काढले जात. 'वेगळे पण समान' या तत्त्वावर ज्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८९६ साली शिक्कामोर्तब केले, तो होमर प्लेसीचा खटलाही रेल्वेच्या डब्यात बसण्यावरूनच झाला होता. आंतरराज्य रेल्वे प्रवासातील ही विभागणी बंद करण्याचा आदेश वाणिज्य आयोगाने दिला १९५५च्या नोव्हेंबरात. म्हणजे छंदिष्टांच्या त्या लाडक्या संधिकालाची बहुतेक सर्व वर्षे या पाट्या जागेवर होत्या. तरी दक्षिणेतील स्थानकांच्या बहुतेक प्रतिकृतींत त्या दिसत नाहीत. जी पेये, जे तंबाखू, जे साबण केव्हाच बाजारातून गेले, त्यांच्या पाट्या जिव्हाळ्याने पुन्हा घडवल्या जातात. स्थानकाच्या दारावरची पाटी तेवढी गळते.

यावर छंदिष्टांचे उत्तर आम्ही ऐकून आहोत: हा विरंगुळा आहे, संग्रहालय नव्हे; आणि पाहायला येणाऱ्या कृष्णवर्णीय मुलाने ती पाटी का वाचावी? उत्तर हलके नाही. 'गोल्ड डस्ट' या धुण्याच्या पुडीवरील दोन काळ्या मुलांचे विडंबनचित्र एकेकाळी अमेरिकेत घरोघर ठाऊक होते. ते आज हौसेने भिंतीवर रंगवणे म्हणजे अपमान नव्याने करणे होय, हे आम्हांला मान्य आहे. पण मग झिप कोडाच्या अचूकतेसाठी जो आग्रह धरला जातो त्याचा अर्थ काय लावायचा? पाच आकड्यांची चूक खपत नाही आणि अख्खी खोली गाळलेली खपते, यात अचूकता ही संकल्पनाच आपल्या सोयीची झालेली आहे. विडंबनचित्र गाळणे आणि प्रतीक्षालयाची पाटी गाळणे या दोन गोष्टी आम्ही एका मापाने मोजणार नाही. पहिले विक्रीसाठी होते, दुसरा कायदा होता.

आपल्याकडील रेल्वेने हे केले नाही असे नाही. इंग्रजी अमदानीत स्थानकांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळे असे, उपाहारगृहेही वेगळी असत. उद्या कोणी तशा स्थानकाची प्रतिकृती केली तर त्या पाट्या तरी त्याला लावता येतील. परंतु जिथे पाटीच नव्हती तिथे काय करावे? १९०१ साली लहानगे भीमराव आंबेडकर घरातील इतर मुलांसह साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्थानकावर उतरले. न्यायला कोणी आले नव्हते. चांगल्या पोशाखातली मुले पाहून स्टेशनमास्तरने आधी आपुलकीने चौकशी केली आणि मुले महारांची आहेत हे कळताच तो मागे सरला. हे पुढे बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे. मसूरचे ते स्थानक कोणी साडेतीन मिलिमीटरला एक फूट या प्रमाणात उभे केले, तर त्यात सामानापाशी थांबलेली मुले असतील, दूर उभा स्टेशनमास्तर असेल, आणि सबंध देखाव्यात वाचण्याजोगा शब्द एकच असेल, गावाच्या नावाचा.