एका बाईकडे मुलें किती?

छावणी म्हटली कीं औरंगाबादेच्या, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरच्या, खाम नदीपलीकडील गोऱ्या अंमलदारांचे बंगले जुन्या माणसांच्या बोलण्यांत येत. हैदराबाद कंटिंजंटच्या त्या दिवसांत लहान मुलासाठीं स्वतंत्र आया ठेवण्याची साहेबी रीत होती. त्याच शहरांत १८८९ सालीं कापडगिरणी निघाली व सुमारें ७०० माणसें तेथें कामाला लागलीं. १९०० मध्यें आगगाडी आल्यावर सरकी काढण्याचे कारखानेहि वाढले. अशा कारखान्यांतून बायकांचे हात सर्वत्र राबत. त्यांच्या तान्ह्यांपाशीं बसायला फार तर म्हातारी सासू, नाहीं तर सात वर्षांची थोरली बहीण. एका माणसानें किती मुलें सांभाळावीं, हा प्रश्न बंगल्यांत कधीं उद्भवलाच नाहीं. तो कामकरणीच्या खोलींत उद्भवला.

मुंबईच्या गिरणगांवानें त्याला उत्तर शोधलें तें अफूचें. १९२२-२३ मध्यें डॉक्टर बार्न्स या बाईंनीं मुंबईंतील कामकरी स्त्रियांची पाहणी केली, तेव्हां त्यांच्या बहुतेक तान्ह्यांना अफू दिली जात असल्याचें आढळलें. ‘बाळागोळी’ हें तिचें गोंडस नांव! आई दिवसभर गिरणींत आणि मूल गुंगींत. त्या आईला निर्दय म्हणणें सोपें आहे. पण जेथें सांभाळणारा हातच नाहीं, तेथें मुलाला निजवून ठेवणें यालाच सांभाळ म्हणावें लागतें.

मजुरांसंबंधींच्या शाही कमिशनचा अहवाल १९३१ सालीं बाहेर आला व पाळणाघरांची गोष्ट सरकारदरबारीं पोंचली. १९३४ च्या फॅक्टरी ॲक्टानें, पन्नासांहून अधिक बायका असलेल्या कारखान्यांत सहा वर्षांखालील मुलांसाठीं खोली राखावी, असा नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. १९४८ च्या कायद्यानें ती खोली सक्तीची केली. १९७६ मध्यें पन्नासांचा आंकडा तिसांवर आला. खोली हवेशीर असावी, उजेडाची असावी, संगोपनाचें शिक्षण घेतलेल्या बायकांच्या हातीं असावी, असें कलम ४८ सांगत असे. कामकरणी मोजल्या गेल्या. एका बाईकडे मुलें किती, याविषयीं मात्र त्या कलमांत अक्षर नव्हतें.

येथें कोणी सुशिक्षित श्रोता म्हणेल, मॉंटेसोरीबाईंनीं १९०७ सालीं रोममध्यें सुमारें पन्नास मुलें एकाच बाईच्या हातीं दिलीं होतीं ना? दिलीं होतीं. परंतु तीं तीन ते सहा वर्षांचीं होतीं. पाणी ओतणारीं, बटण लावणारीं, एकमेकांना शिकवणारीं. हीच पद्धति ताराबाई मोडकांनीं भावनगरास गिजुभाईंबरोबर राबविली व पुढें १९४५ मध्यें बोर्डीला खेड्यांतल्या मुलांसाठीं आणली. अनुताई वाघ त्यांना तेथेंच येऊन मिळाल्या. १९५७ मध्यें काम कोसबाडास गेलें. पाड्यांवरचीं मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यांतून जन्मला. अशा अंगणांत एका बाईला वीस-पंचवीस मुलें रमवितां येतात. पण कुशीवर वळूं न शकणारीं तान्हीं त्या मापानें मोजणें ही सरळ चूक होय.

वयाप्रमाणें वेगळें माप २०१३ च्या बालसंगोपन व शिक्षणविषयक राष्ट्रीय धोरणांत स्पष्ट लिहिलें गेलें: तीन वर्षांखालील दहा मुलांमागें एक व्यक्ति, त्यावरील वीस मुलांमागें एक. इंग्लंडांत दोन वर्षांखालील तीन मुलांमागें एक व्यक्ति लागते. तेथें २०२३ मध्यें दोन वर्षांच्या मुलांचा आंकडा चारांवरून पांचांवर नेला, तेवढ्यावरहि पुष्कळ वाद झाला. आपले दहा मला अधिक वाटतात. आग लागली तर दोन कडांवर दोन मुलें नेतां येतील. उरलेल्या आठांचें काय?

शिवाय कागदावरचीं माणसें प्रत्यक्ष मुलांपाशीं असतातच असें नाहीं. १९७५ मध्यें सुरू झालेल्या सरकारी योजनेनें अंगणवाडीला एक सेविका व एक मदतनीस दिली. मदतनीस चुलीपाशीं, सेविका वजनकाट्याशीं व नोंदवह्यांशीं. त्या वेळीं मुलांपाशीं कोण?

श्रोतेहो, आज आपल्यांतील पुष्कळ घरांतील मुलें खाजगी पाळणाघरांत जातात. पाहावयास जाल तेव्हां सकाळीं, सर्व मंडळी हजर असतां जाऊं नका. दुपारीं दोनच्या सुमारास, एक बाई जेवावयास गेलेली असतां, न सांगतां जा. मुलें मोजा आणि हात मोजा. सगळीं एकदम गाढ झोंपलेलीं दिसलीं, तर तीं कशानें झोंपलीं, हेंहि विचारा.